अल्फा, अल्फा, अल्फा

मराठी जोडप्याला सुट्टीत काहीतरी काम लागतं. महाबळेश्वरला गेलं तर स्ट्रॉबेरी कुठल्या मळ्यावर स्वस्त, हे शोधायचं असतं. काशीला गेलं तर गंगाजलाच्या लोट्याचं झाकण घट्ट बसवून घ्यायचं असतं. युरोपात गेलं तर सहल नेणाऱ्या पोराला दर तासाने ‘जेवण नक्की कधी?’ असं विचारायचं असतं. कष्ट नसलेली सुट्टी आपल्याला फुकट गेल्यासारखी वाटते आणि क्रूझवाल्यांनी नेमकी तीच विकायला काढली आहे. राहणं, खाणं, पोहायचा तलाव, जादूचे प्रयोग, सगळं तिकिटातच. बॅगासुद्धा त्यांची माणसं केबिनपर्यंत पोचवतात. भांडायला साधा रिक्षावाला मिळत नाही.

आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मुलाने आणि सुनेने मुंबई-लक्षद्वीप-मुंबई अशी क्रूझ भेट दिली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बोटीनं? हौसेनं?”

सासूबाई वेंगुर्ल्याच्या. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीने मुंबई-माहेर करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. पुढे ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ आल्या, त्यांतूनही त्या फिरल्या. डेकवर वळकटी फेकून जागा धरायची, शेजारच्याची कोंबडी आपल्या डब्यात डोकावते का यावर लक्ष ठेवायचं आणि धक्का नसलेल्या बंदरात भर समुद्रात बोटीवरून पडावात उतरायचं. खवळलेल्या दर्यात अर्ध्या डेकला बोट लागायची आणि उरलेला अर्धा डेक लिंबू पुरवायचा. त्यांच्या लेखी बोट ही नाइलाजाने चढायची आणि देवाचे आभार मानून उतरायची गोष्ट. तिच्यात नाच असतो हे ऐकून त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं.

नवऱ्याची तयारी वेगळ्याच दिशेने चालली होती. तो बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाला आहे. कुठल्याही आनंदात गळती नेमकी कुठे आहे ते शोधणं, ही त्याची आयुष्यभराची नोकरी. तिकीट हाती आल्यापासून त्याने बोटींच्या अपघातांचा अभ्यास सुरू केला. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या जिलिओ बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सुरक्षेचा सराव व्हायचाच होता. म्हणून आता बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटल्या सुटल्या सराव घ्यावाच लागतो, हे त्याने मटार सोलता सोलता सांगितलं. २०१३ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनखोलीत आग लागली, वीज गेली आणि चार हजारांहून अधिक माणसं तुंबलेल्या संडासांसह दिवसेंदिवस तरंगत राहिली, शेवटी ती बोट टगबोटींनी अलाबामातल्या मोबील बंदरापर्यंत ओढत आणली, हे मात्र त्याने जेवताना सांगितलं. मोठ्या क्रूझवर एक छोटंसं शवागारही असतं, ही माहिती त्याने सुनेला फोनवर दिली. खरं तर फोन तिचे आभार मानायला केला होता.

“तुम्हाला नको असेल तर रद्द करू, बाबा,” ती म्हणाली.

“छे गं! मी फार उत्सुक आहे,” तो म्हणाला. आणि तो खरंच होता.

बोट सुटण्यापूर्वीचा सराव हा त्यामुळे त्याच्यासाठी सहलीचा मुख्य कार्यक्रम होता. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की आपल्या नेमलेल्या जागी जमायचं. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाली आणि १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हापासूनचं हे सगळं शहाणपण एका विशीतल्या मुलाने आम्हाला सांगायचं होतं. पण समोरची मंडळी लाइफ जॅकेट घालून फोटो काढण्यात गर्क होती. एका काकांनी इथे चहा मिळेल का, असं विचारलं. नवरा तेवढा पहिल्या रांगेत उभा राहून भोंगे मोजत होता. सहावा आणि सातवा यांच्यामधलं अंतर जरा कमी पडलं, असं त्याने त्या मुलाच्या निदर्शनास आणून दिलं. मग एकेका लाइफबोटीत जास्तीत जास्त १५० माणसं बसवतात आणि प्रवासी बोटीवर हिशेब माणशी ७५ किलो धरून केलेला असतो, हे त्याने मला कानात सांगितलं, आणि बुफेच्या दिशेने आधीच वळलेल्या गर्दीकडे त्याने एक ऑडिटरची नजर टाकली.

तिथेच आमची सांगलीच्या साहेबांशी ओळख झाली. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त. पाण्याचा दांडगा अनुभव, पण सगळा अडवलेल्या पाण्याचा. सुटलेलं पाणी त्यांना मुळातच बेशिस्त वाटत होतं.

मुंबई मागे पडली आणि खरी अडचण सुरू झाली. करायला काही नव्हतं. आम्ही सगळी बोट पाहिली. मग जेवलो. मग पुन्हा पाहिली, कारण जेवणाआधी एक जिना राहिला होता. मोबाइलची रेंज गेल्यामुळे जगात काय चाललंय ते कळेना आणि आम्ही मजेत आहोत हे कोणाला कळवता येईना, त्यामुळे मजेत असण्याचं मुख्य कारणच गेलं. बारा सागरी मैल ओलांडून बोट देशाच्या सागरी हद्दीबाहेर गेली की कॅसिनो उघडतो, असं कळलं होतं; काही मंडळी त्या दारापाशी दबा धरून उभी होती. बाकीचे डेकवर खुर्च्या टाकून समुद्राकडे पाहत बसले. समुद्र पाहायला सुंदर असतो, पण त्यात पुढे काय होणार याची उत्कंठा नसते. जोडपी शेजारी शेजारी बसून ‘छान वारा आहे’ असं एकमेकांना आळीपाळीने सांगत होती. डोंबिवलीच्या एका वहिनींनी तर कंटाळून बुफेतल्या पोऱ्याला कोशिंबिरीला फोडणी कशी द्यायची ते शिकवलं.

“चार दिवस असंच?” नवऱ्याने झोपताना विचारलं.

“आराम करायला आलोय आपण,” मी म्हणाले. माझ्याही आवाजात फारसा जोर नव्हता.

उत्तररात्री कधीतरी कॉरिडॉरमधला स्पीकर खरखरला. “अल्फा, अल्फा, अल्फा,” आणि मग कुठल्याशा डेकचा आणि केबिनचा नंबर.

नवरा उठून बसला. “अल्फा म्हणजे वैद्यकीय,” तो अंधारात म्हणाला. “ब्राव्हो म्हणजे आग. ऑस्कर म्हणजे माणूस पाण्यात.”

“मग आपण काय करायचं?”

“काही नाही. झोप तू.” पण तो स्वतः झोपला नाही. इतका अभ्यास करून एकदाचं काहीतरी झालं होतं, आणि तेही नेमकं त्याने न वाचलेलं. छातीत दुखणं या विषयाकडे त्याने साफ दुर्लक्ष केलं होतं. ते तर घरीही होऊ शकतं.

पहाटे त्यानेच मला हलवून उठवलं. “सूर्य चुकीच्या बाजूने आलाय.”

दक्षिणेला निघालेल्या बोटीत आमची बाल्कनी उजव्या अंगाला, म्हणजे पश्चिमेकडे. तिच्यात सूर्य संध्याकाळी यायचा ठरलेला. तो सकाळी साडेसहालाच आमच्या टेबलावरच्या विझलेल्या दिव्यावर येऊन बसला होता. बोट वळली होती.

थोड्याच वेळात कप्तानाने स्पीकरवरून सांगितलं, की एका प्रवाशाला तातडीने इस्पितळात न्यायची गरज आहे, बोट गोव्याकडे परत निघाली आहे, मुरगावजवळ तटरक्षक दलाची नौका येऊन त्यांना उतरवून नेईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. समुद्रावर कप्तानाचा शब्द अखेरचा. ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. गृहनिर्माण सोसायट्यांत आयुष्य काढलेल्या माणसांना हा कारभार नवीन होता. लिफ्टला रंग कोणता द्यायचा यावर आमच्या सोसायटीत दोन सर्वसाधारण सभा झाल्या आहेत. इथे एका माणसाने न विचारता अख्खी बोट फिरवली.

त्या सकाळी बुफेत गेले तर काल रात्रीचीच माणसं ओळखू येईनात. प्रत्येक कुटुंबाने आपापलं टेबल धरून गप्प जेवायचं ही काल रात्रीची शिस्त पार मोडली होती. टेबलं एकमेकांना जोडली गेली होती. बातम्या ताज्या होत्या आणि रांगेत पुढे सरकता सरकता मोठ्या होत होत्या. इडलीच्या काउंटरवर रुग्ण पंचावन्न वर्षांचा होता, ऑम्लेटपाशी तो सत्तरीचा झाला, आणि कापलेल्या पपईपर्यंत येईतो झटका एकाला न येता नवरा-बायको दोघांनाही आला होता. डोंबिवलीच्या वहिनींचं निदान मात्र पहिल्यापासून ठाम होतं: गॅस. “काल छोल्यांचं पातेलं तिसऱ्यांदा भरलं तेव्हाच मी म्हटलं होतं.” त्यांच्या पर्समधून ओवा, हिंग आणि सुंठ निघाली आणि एका वेटरबरोबर खाली दवाखान्यात रवाना झाली. बोटीवर डॉक्टर होता, नर्स होती, ईसीजी होता, ऑक्सिजन होता. अँजिओप्लास्टीची सोय नव्हती आणि सुंठही नव्हती. त्यांतली एक उणीव वहिनींनी भरून काढली.

सांगलीच्या साहेबांनी नकाशा मिळवला होता. “अठरा नॉट,” ते म्हणाले. “म्हणजे ताशी तेहेतीस किलोमीटर. आमची सांगली-कोल्हापूर एसटी याच्यापेक्षा जोरात जाते.”

“पण एसटीत कॅसिनो नसतो,” कोणीतरी म्हणालं.

कॅसिनो आता बोटीतही नव्हता. किनारा जवळ येऊ लागला, बारा मैलांची रेघ उलट दिशेने ओलांडली गेली आणि त्याचं दार बंद झालं. काल संध्याकाळपासून आत असलेली मंडळी डोळे चोळत बाहेर आली. त्यांतला एक जण कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिला आणि मित्राला म्हणाला, “केवढा आहे रे!” समुद्र त्याने तेव्हा प्रथम पाहिला असावा.

त्याच रेघेच्या आसपास मोबाइलला रेंज आली आणि बोटभर एकदम टुणटुणाट झाला. मग जो तो घरी फोन लावून ‘काळजी करू नका, आम्ही सुखरूप आहोत’ असं सांगू लागला. घरच्यांना काळजी नव्हती, कारण काही झालंय हेच त्यांना माहीत नव्हतं. ती लागावी म्हणून सगळं पहिल्यापासून सांगावं लागत होतं. मीही सासूबाईंना फोन केला.

“बोट लागली का गं?”

“नाही हो आई. एकांच्या छातीत दुखलं, म्हणून बोट गोव्याला परत नेतायत.”

“एका माणसासाठी?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “आमच्या वेळी बोट भरतीसाठी थांबायची. माणसासाठी कोण थांबवतंय!” मग म्हणाल्या, “बरं झालं हो. सुधारली म्हणायची बोट.” क्रूझबद्दल त्यांनी काढलेला तो पहिला चांगला शब्द.

नवऱ्याने या वेळात तटरक्षक दलाचा १५५४ हा आपत्कालीन क्रमांक शेजारच्या प्रत्येक फोनमध्ये भरून दिला. १९७७ मध्ये उभं राहिलेलं हे दल समुद्राच्या ४६ लाख चौरस किलोमीटर टापूत शोध आणि बचावाचं काम बघतं, मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर इथे त्याची समन्वय केंद्रं आहेत, हे तो सांगत होता आणि माणसं चक्क ऐकत होती. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याला इतका मोठा श्रोतृवर्ग मी मिळू दिलेला नाही.

“देशाच्या जमिनीपेक्षाही मोठा टापू झाला की हो हा!” सांगलीकर साहेब म्हणाले. “आणि कालव्यावर माझ्याकडे दोन जीपा होत्या. त्यांतली एक चालू.”

मुरगावच्या अलीकडे बोट मंदावली. दुरून एक पांढरी नौका लाटांवर टणाटण उडत येताना दिसली, तिच्या अंगावर तटरक्षक दलाचे तिरके पट्टे. झालं, सगळी बोट डाव्या कठड्यावर लोटली. साहेबांच्या अंगातला अभियंता जागा झाला. “निम्म्यांनी पलीकडे व्हा! भार एका बाजूला येतोय!” निम्मे कोण, हे ठरेना, म्हणून कोणीच हललं नाही. मग नवऱ्याने खुलासा केला, की प्रवासी तमाशा बघायला एका कडेला गोळा होणार हे बोट बांधणाऱ्यांनी धरलेलंच असतं. तशा गर्दीने बोट दहा अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये असा नियमच आहे. हा नियम करणारा माणूस कधीतरी आपल्याकडची जत्रा बघून गेला असणार, याबद्दल साहेबांचं आणि त्याचं एकमत झालं.

पाण्याच्या पातळीजवळ बोटीच्या पोटाला एक दार असतं. ते उघडलं. दोन्ही बोटी वरखाली होत होत्या, एकीची वर जायची वेळ दुसरीची खाली यायची वेळ. नारिंगी कपड्यांतल्या पोरांनी त्या दोन हेलकाव्यांमधला नेमका क्षण धरून स्ट्रेचर असं अलगद पलीकडे घेतलं, की सगळ्या डेकवरचं बोलणं थांबलं. बोट सुटल्यापासून पहिल्यांदा. रुग्णामागून त्यांच्या मंडळी उतरल्या. लाइफ जॅकेट, एका हातात औषधांची पिशवी, दुसरा हात जवानाच्या हातात. नौकेत पाय ठेवल्यावर त्यांनी वर पाहिलं. पाच मजले भरून माणसं आपल्याकडे टक लावून बघतायत हे लक्षात आल्यावर त्यांनी आधी जॅकेटखालचा पदर सारखा केला.

कोणीतरी वरून ओरडलं, “गणपती बाप्पा!”

आणि स्ट्रेचरवरून, ऑक्सिजनची नळी बाजूला सारून, स्पष्ट उत्तर आलं, “मोरया!”

“बघा,” डोंबिवलीच्या वहिनी म्हणाल्या. “हा हार्टचा आवाज आहे का? गॅस.”

नौका निघून गेली आणि कप्तानाने दुसरी घोषणा केली. अगत्तीला मोठी बोट उथळ लगूनमध्ये शिरत नाही. बाहेर नांगर टाकून छोट्या होड्यांनी माणसं किनाऱ्यावर न्यावी लागतात आणि ते काम उजेडातच होतं. आता तिथे वेळेत पोचणं शक्य नाही. म्हणून लक्षद्वीप रद्द, त्याऐवजी गोवा.

“गोवा?” सगळ्या डेकवरून एकच सूर उठला. “गोव्याला आम्ही एसटीनं नसतो आलो?”

पण या सुरातला आनंद लपत नव्हता. ज्याची कालपासून उणीव भासत होती ते अखेर मिळालं होतं: तक्रार. अर्ध्या तासात समिती स्थापन झाली. साहेब अध्यक्ष, नवरा हिशेबनीस, वहिनी महिला प्रतिनिधी. जादूचे प्रयोग व्हायच्या सभागृहात बैठक भरली आणि प्रयोगांना काल जितकी माणसं होती त्याच्या दुप्पट आली. एक गोष्ट मात्र मला नोंदवून ठेवावीशी वाटते. तीन तास चाललेल्या त्या सभेत परताव्यावर बोललं गेलं, पर्यायी बेटावर बोललं गेलं, छोल्यांवर तर स्वतंत्र ठराव झाला. पण बोट वळवायला नको होती, असं एकही माणूस बोलला नाही. एका तरुणाने ‘एका माणसासाठी एवढ्या सगळ्यांना’ इथवर सुरुवात केली होती, तेव्हा वहिनींनी त्याला फक्त त्याच्या वडिलांचं वय विचारलं. तो खाली बसला.

“माननीय कप्तान महोदय यांच्या सेवेशी” अशी सुरुवात असलेलं निवेदन साहेबांनी लिहिलं. खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून कोणाकोणाला पाठवायची यावर आणखी चर्चा झाली. कप्तान परदेशी होता. मराठी निवेदन त्याने दोन्ही हातांनी घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि सह्या मोजल्या. लक्षद्वीपच्या फेरीचे पैसे परत द्यायचं बहुधा आधीच ठरलेलं होतं. पण ते आमच्या निवेदनामुळे मिळाले असं आम्ही मानतो, आणि त्यानेही तसं मानू दिलं. चांगला कप्तान कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

गोव्यात आम्ही दोघं उतरलो. वास्कोच्या बाजारात फिरलो, काजू घेतले, भावावरून घासाघीस केली. छान होतं सगळं, पण नवऱ्याचं लक्ष घड्याळाकडे. “चला, सहाला आढावा बैठक आहे.” बरेचसे लोक तर उतरलेच नव्हते, गोवा पुन्हा बघता येईल, पण अशी समिती पुन्हा मिळायची नाही.

मुंबईत उतरताना सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कंपनीच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘सहलीतील सर्वांत आवडलेला भाग’ या रकान्यात नवऱ्याने ‘तटरक्षक दल’ लिहिलं. साहेबांच्या खांद्यावरून मी डोकावले, तर त्यांनीही तेच.

रुग्ण आता बरे आहेत. गोव्यातच अँजिओप्लास्टी झाली. म्हणजे गॅस नव्हता; पण गॅसनेच धमनी दाबली असणार, हे वहिनींचं म्हणणं त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं आहे. समितीचा जो व्हॉट्सअॅप ग्रुप झाला त्यात तेही आहेत आणि त्यांची एकच तक्रार आहे: सगळ्यांनी सगळं पाहिलं, आपल्या वाट्याला फक्त आभाळ आलं.

पुढच्या सहलीचं ठिकाण नुकतंच ग्रुपवर मताला टाकलं होतं. केरळच्या हाउसबोटी अगदीच पडल्या. पाणी कमरेएवढं, होऊन होऊन काय होणार? लेह प्रचंड बहुमताने निवडून आलं आहे. तिथली उंची साडेतीन हजार मीटर, ऑक्सिजन विरळ, आणि चाळीस माणसं नेली की एखाद्याला तरी त्रास होतोच, अशी माहिती नवऱ्याने पुरवली आहे. समितीची कामं आत्ताच वाटून झाली. कोणाला त्रास व्हावा, एवढंच ठरायचं आहे. आमच्या त्या रुग्णांनी पुन्हा स्वतःचं नाव दिलं होतं, पण इतरांनाही संधी मिळाली पाहिजे, म्हणून वहिनींनी ते नामंजूर केलं.